कथा-कादंबरी लिहिणाऱ्याचा रोजचा दिवस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात कथालेखनाच्या कार्यशाळा घेताना आणि नंतरच्या पत्रव्यवहारात जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. दोन प्रश्नांचं उत्तर एकच असेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. तुम्ही रोज लिहिता, की सुचेल तेव्हा?

रोज. सकाळी, घर जागं व्हायच्या आधी. सुचण्याची वाट पाहत मी थांबत नाही, कारण सुचतं ते बहुतेक वेळा बसल्यावर. दारात उभी असलेली बाई आत येऊन काय बोलणार, हे आदल्या रात्री मला ठाऊक नसतं. ती उंबरठ्यावर थबकली हे वाक्य लिहून झालं की तिचं बोलणं ऐकू येऊ लागतं.

रोज म्हणजे रोज नवी पानं असं मात्र नव्हे. काही सकाळी जुना खर्डा मोठ्याने वाचण्यात जातात, काही एकाच परिच्छेदावर. आजारपण, लग्नकार्य, परगाव यांमुळे खाडा पडतोच. तो दुसऱ्या दिवशी दुप्पट लिहून भरून काढायला जाऊ नका. नेहमीच्या वेळी, नेहमीइतकंच बसा.

२. दिवसाला किती शब्द व्हायला हवेत?

डेमी या पुस्तकांच्या नेहमीच्या आकाराच्या छापील पानावर साधारण २५० ते ३०० शब्द बसतात. रोज ३०० शब्द झाले तर २०० दिवसांत ६०,००० शब्द होतात, म्हणजे दोनशे पानांच्या कादंबरीचा पहिला खर्डा. वर्षाचे उरलेले दिवस काटछाटीला लागतात आणि ते कमीच पडतात. तरीही मी नव्या लेखकांना शब्दांपेक्षा वेळ ठरवायला सांगते. शब्द मोजायला लागलं की माणूस संवाद लांबवतो.

३. हिंजवडीत नोकरी आहे. घरी येईपर्यंत रात्रीचे नऊ वाजतात. मी फक्त शनिवार-रविवार लिहिलं तर चालेल का?

चालेल, पण शनिवारची अर्धी सकाळ कथेत परत शिरण्यातच जाते. पाच दिवसांत पात्रं परकी होतात. त्यापेक्षा रोज अर्धा तास काढा, मग तो सकाळचा असो, जेवणाच्या सुट्टीतला असो की गाडीतला. नवं लिहिणं जमलं नाही तरी कालचं एक पान वाचा आणि उद्याच्या प्रसंगाची एक ओळ टिपून ठेवा. मग शनिवारी थेट कामाला लागता येतं.

याच मंडळींचा एक उपप्रश्न असतो : कथेवर कंपनीचा हक्क लागतो का? नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा हक्क कायद्याने मालकाकडे जातो. तुमची कथा तुमच्या नोकरीच्या कामात मोडत नाही, त्यामुळे ती तुमचीच. तरी नेमणूकपत्रात 'अन्य उत्पन्नासाठी परवानगी' असं कलम असतं, तेवढं वाचून घ्या.

४. घर लहान आहे. पुण्यात शांतपणे बसून लिहायला जागा कुठे मिळेल?

सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठेतल्या अभ्यासिका पाहा. त्या स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी असल्या तरी महिन्याचं शुल्क भरून कोणालाही बसता येतं. तिथली शांतता कडक असते आणि शेजारी आठ तास मान खाली घालून बसलेली मुलं पाहून आपलीही बैठक वाढते. कीबोर्डचा आवाज काही ठिकाणी चालत नाही, म्हणून आधी विचारा किंवा वहीत लिहा. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून आहे. नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालयही जुनं आणि आपुलकीचं. सभासदत्व घेतलं की वाचन आणि बैठक दोन्ही साधतं.

उपाहारगृहात मी लिहीत नाही. तिथे ऐकते.

आणखी एक गोष्ट बाहेरगावाहून आलेल्यांना ठाऊक नसते. पावसाळ्यात नदीपात्रात आणि मोकळ्या मैदानांवर ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात. ते संध्याकाळी असतात, आणि नेमके तेच दिवस दिवाळी अंकांच्या कथा पुऱ्या करायचे. त्या भागात राहत असाल तर जूनपासूनच लिहिण्याची वेळ सकाळवर आणा.

५. तीन दिवस झाले, कथा एका जागी अडकली आहे. काय करू?

'सुचत नाही' असं आपण म्हणतो, तेव्हा खरं कारण बहुधा याहून नेमकं असतं. ते शोधणं हेच त्या दिवसाचं काम.

सगळ्यात जास्त वेळा माहिती अपुरी असते. समजा, तुमची नायिका मंडईत भाजीचा गाळा चालवते आणि गाळ्यावरून ती काही केल्या हलत नाही. माल किती वाजता येतो, उतरवतं कोण, उधारी कुठे लिहिली जाते, दुपारी गाळा कोणाच्या भरवशावर सोडतात, हे तुम्हाला माहीत नसेल तर ती हलणार कशी? भल्या पहाटे महात्मा फुले मंडईत जा आणि दोन तास उभे राहा. विकत काही घ्या, म्हणजे माणसं बोलतात. परत येऊन बसलात की हातात पुढचा प्रसंग असेल.

दुसरं कारण, कथा चुकीच्या माणसाच्या नजरेतून चाललेली असते. मुलगा सांगतोय, पण घडतंय ते आजीच्या बाबतीत. अशा वेळी अडलेला प्रसंग आजीच्या बाजूने एकदा लिहून पाहा. ठेवायचाच असं नाही, पण गाठ कुठे आहे ते कळतं.

तिसरं कारण निव्वळ थकवा. त्यावर वेताळ टेकडी चढून येणं आणि वेळेवर झोपणं याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही.

६. रात्री लिहिलेलं अप्रतिम वाटतं, सकाळी तेच टाकाऊ वाटतं. खरं कोणतं?

दोन्ही नाही. मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला आणि सर्वांत जिव्हाळ्याचा प्रश्न हाच आहे. लिहिताना असलेला आनंद किंवा उबग हा तुमच्या त्या दिवसाचा असतो, त्यावरून पानाची किंमत ठरत नाही. वर्षभराने खर्डा वाचताना कोणतं पान आनंदात लिहिलं आणि कोणतं कुढत, हे मला ओळखता येत नाही. झरझर उतरलेली पानं पुष्कळदा पसरट निघतात, कारण ओळखीच्या वाटेनेच हात चालतो. रडतखडत झालेल्या पानात एखादं वाक्य असं सापडतं की सगळी कथा त्याच्याभोवती पुन्हा बांधावी.

म्हणून लिहिलं त्या दिवशी निकाल देऊ नका. फाडू नका, पुसू नका आणि रात्री अकराला मित्राला पाठवूही नका. लोणच्यासारखं मुरू द्या. कथेला किमान तीन आठवडे, कादंबरीला दोन-तीन महिने. मग छापून घ्या आणि हातात पेन घेऊन मोठ्याने वाचा. जीभ अडखळते तिथे खूण करा.

या चढ-उतारांनी खचून लिहिणं सोडलेली चांगली माणसं मी पाहिली आहेत. त्यांचं लेखन वाईट नव्हतं. त्यांनी वाईट दिवसाचं म्हणणं खरं मानलं, याची मला आजही हळहळ वाटते.

७. दिवाळी अंकासाठी कथा कधी आणि कशी पाठवायची?

काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेचं वर्ष दिवाळीला येऊन मिळतं. पण अंक दिवाळीत हाती येतो म्हणून कथा गणपतीत पाठवून भागत नाही. संपादकांची जुळवाजुळव मे-जूनमध्ये सुरू होते आणि बऱ्याच अंकांची पानं ऑगस्टपर्यंत भरतात. त्यामुळे नव्या लेखकाने जूनअखेर कथा पाठवलेली बरी.

आधी त्या अंकाचे मागचे दोन-तीन वर्षांचे अंक वाचा. कथेची लांबी, विषयांची आवड, नव्या नावांना मिळणारी जागा, सगळं त्यातून कळतं. अप्पा बळवंत चौकात किंवा जुन्या पुस्तकांच्या दुकानांत मागचे अंक मिळून जातात. कथा युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर वाचता येईल अशा अक्षरांत, टाइप करून पाठवा. सोबतच्या पत्रात चारच ओळी हव्यात : नाव, कथेचं नाव, शब्दसंख्या, आणि कथा अप्रकाशित आहे हे. कथेचा सारांश किंवा आशय समजावून सांगू नका.

८. एकच कथा दोन अंकांना एकदम पाठवली तर?

नको. दोन्हीकडे छापून आली तर दोन्ही संपादक दुखावतात आणि हे वर्तुळ लहान आहे. थांबण्याची मुदत मात्र तुम्ही ठरवा. 'अमुक तारखेपर्यंत कळवलं नाहीत तर कथा दुसरीकडे देईन' असं पत्रातच नम्रपणे लिहायला हरकत नाही. तारीख उलटली की एक ओळ कळवा आणि कथा मोकळी करा.

९. मानधन मागायला संकोच वाटतो. मागावं का?

मागावं. कथा स्वीकारल्याचं कळलं की त्याच निरोपाच्या उत्तरात विचारा : 'मानधन किती आणि साधारण कधी, ते कळवावं.' अंक बाहेर आल्यावर विचारलं तर ते तगादा लावल्यासारखं वाटतं, आधी विचारलं तर साधा व्यवहार राहतो. काही अंक चांगलं मानधन देतात, काही नाममात्र, काही फक्त अंकाची प्रत. न देणाऱ्या अंकातही लिहावंसं वाटेल, जरूर लिहा, पण ते आधी माहीत असू द्या.

फक्त कथांच्या मानधनावर पुण्यात घरभाडं निघत नाही. मी आणि माझ्या ओळखीचे बहुतेक कथाकार अनुवाद, मुद्रितशोधन, मालिकांचे संवाद किंवा शिकवणं यांवर घर चालवतो. यात कमीपणा मुळीच नाही. फक्त दिवसाचा पहिला तास त्या कामांना देऊ नका.

१०. कथा 'साभार परत' आली, किंवा उत्तरच आलं नाही. म्हणजे कथा वाईट आहे का?

परत येण्यामागे जागा, विषयाचा तोल, त्याच धर्तीची आधीच घेतलेली कथा अशी अनेक कारणं असतात. संपादकाने एखादी ओळ स्वतः लिहिली असेल तर ती जपून ठेवा. इतक्या गर्दीत कोणी वेळ काढून लिहितो, तो तुमच्या कथेत काहीतरी पाहूनच. ज्या दिवशी कथा परत येते त्या दिवशी ती उघडू नका. आठवड्याने वाचा, दुरुस्त करा, दुसरीकडे पाठवा.

११. तारीख डोक्यावर असताना लिहिलेलं कच्चं राहत नाही का?

राहतंच असं नाही. हरि नारायण आपट्यांनी १८९० साली पुण्यात 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं आणि आपल्या कादंबऱ्या त्यातून क्रमशः छापल्या. मराठी कादंबरीची पायाभरणी साप्ताहिकाच्या तारखा सांभाळत झालेली आहे. तारखेमुळे निर्णय घ्यावे लागतात. मात्र स्वतःची तारीख संपादकाच्या तारखेच्या तीन आठवडे अलीकडे धरा. ते तीन आठवडे का, ते प्रश्न ६ मध्ये आहे.

१२. कादंबरीचं बाड प्रकाशकाला कसं द्यावं?

पूर्ण झालेलंच द्या. पहिली तीन प्रकरणं आणि पानभर गोषवारा सोबत असला की वाचणाऱ्याची सोय होते. पोच मागून घ्या. उत्तर यायला सहा महिने सहज जातात, त्या काळात दुसरं काही सुरू करा.

अक्षरजुळणीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. बऱ्याच ठिकाणी युनिकोडमधला मजकूर श्रीलिपीसारख्या प्रणालीत बदलून घेतात आणि त्यात जोडाक्षरं, रफार, अवतरणचिन्हं विस्कटतात. शेवटची मुद्रितं (प्रूफं) स्वतः वाचल्याशिवाय छपाईला होकार देऊ नका.

१३. प्रकाशक म्हणतात, खर्च तुम्ही द्या. द्यावा का?

लेखकाच्या पैशाने पुस्तक काढणं बेकायदा नाही, पण मग ती सेवा आहे आणि तिचा हिशेब सेवेसारखा मागा : किती प्रती, कागद कोणता, वितरण कोण करणार, उरलेल्या प्रती कोणाच्या. पैसेही तुमचे आणि हक्कही त्यांचे, असा करार कधीही करू नका.

पहिलं पुस्तक असेल तर आधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची माहिती घ्या. स्वतः छापणार असाल तर आय.एस.बी.एन. (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) सरकारी यंत्रणेकडून विनामूल्य मिळतो, त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

१४. करारात नेमकं काय पाहायचं?

हे उत्तर लांब आहे, पण हाच भाग लेखक घाईने वाचतात.

कथा लिहिली त्या क्षणी तिचा हक्क तुमचा होतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोंदणी सक्तीची नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच देता येतो, फोनवरच्या 'हो'ने जात नाही. म्हणून दिवाळी अंकात छापलेली कथा, तसं काही लिहून दिलं नसेल तर, तुमचीच राहते आणि पुढे संग्रहात घेता येते. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि हक्क घेऊन प्रकाशक वर्षभर काहीच करत नसेल, तर करारात वेगळं काही नसल्यास ते हक्क तुमच्याकडे परत येतात.

'सर्व हक्क, सर्व माध्यमं, कायमचे' अशी ओळ दिसली की पेन खाली ठेवा. छापील पुस्तक, ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक, अनुवाद, नाटक, चित्रपट-मालिका हे वेगवेगळे हक्क आहेत. प्रकाशक जे खरोखर वापरणार आहे, तेवढेच द्या. आवृत्ती संपल्यावर किती काळात नवी काढायची आणि नाही काढली तर हक्क कधी परत, हेही लिहून घ्या. असे बदल सुचवल्याने चांगला प्रकाशक रागावत नाही.

१५. रॉयल्टी किती मिळते आणि त्यावर कर लागतो का?

मराठीत छापील किमतीच्या १० टक्क्यांच्या आसपास धरा. ३०० रुपयांच्या पुस्तकाच्या वर्षात ५०० प्रती गेल्या तर १५,००० रुपये. उत्पन्न म्हणून रॉयल्टी करपात्र आहे. एका प्रकाशकाकडून वर्षाला ५०,००० रुपयांच्या वर रक्कम गेली तर तो १० टक्के कर कापून देतो. जुनी करप्रणाली निवडली असेल तर साहित्यिक पुस्तकाच्या रॉयल्टीवर ३ लाख रुपयांपर्यंत वजावट मिळू शकते, नव्या प्रणालीत ती नाही. अंकांतलं मानधन त्या वजावटीत बसत नाही, कारण ती पुस्तकांसाठी आहे.

१६. संपादकांनी माझ्या पात्रांची जुन्नरी बोली काढून पुस्तकी मराठी केली. मी काय म्हणू शकतो?

'नाही' असं म्हणू शकता. शुद्धलेखनाची दुरुस्ती आणि पात्राची जीभ बदलणं या निराळ्या गोष्टी आहेत. कथा देतानाच 'संवाद बोलीत आहेत, ते तसेच ठेवावेत' असं लिहा, म्हणजे मुद्रितशोधकालाही कळतं. मजकुराची मोडतोड करून लेखकाच्या प्रतिष्ठेला बाध आणला तर कॉपीराइट कायद्याचं ५७ वं कलम लेखकाच्या बाजूने आहे, हक्क विकलेले असले तरीही. पण बहुतेक वेळा एक फोन पुरतो. बोली सोडून देऊ नका, एवढी माझी कळकळीची विनंती.

१७. कथा वाचून मावशी दुखावली. ती म्हणते, ही मीच आहे. आता?

आधी तिच्याकडे जा. कथेचं समर्थन करायला नाही, तिचं ऐकायला. लिहिताना माझा नियम असा : माणसाकडून भावना घ्यावी, खुणा घेऊ नयेत. पेशा, गाव, मुलांची संख्या, बोलण्याची लकब एवढं बदललं की पात्र आपोआप स्वतंत्र होऊ लागतं आणि कथाही सुधारते. एखाद्याने विश्वासाने सांगितलेलं गुपित, नाव बदलूनही, त्याला न विचारता मी वापरत नाही. खऱ्या व्यक्तीची ओळख पटेल अशी बदनामी झाली तर 'काल्पनिक' अशी तळटीप नेहमीच वाचवत नाही.

१८. बरोबरच्या मैत्रिणीला पुरस्कार मिळाला. आनंदही झाला आणि रात्रभर झोपही लागली नाही. हे नीच आहे का?

नाही. बरोबरीने लिहिणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हे होतं आणि कोणी बोलत नाही. तिला त्याच दिवशी फोन करा, अभिनंदन मनापासून निघतं. मग तिचं पुस्तक पुन्हा वाचा, या वेळी कारागिरी पाहायला. मत्सराचा जोर तिथे ओसरतो, कारण समोर पुरस्कार राहत नाही, वाक्यं येतात.

१९. पुस्तक आलं, प्रकाशन झालं, आणि नंतर महिनोन्‌महिने शांतता. हे नेहमीचंच का?

हो. कादंबरी संपल्याचं रितेपण आणि ही शांतता एकाच सुमारास येतात म्हणून जास्त बोचतात. मराठीत बरीच पुस्तकं ग्रंथालयांतून वाचली जातात आणि तो वाचक लेखकाला सहसा कळवत नाही. एखादं पत्र दोन वर्षांनी येतं, तालुक्याच्या गावातून. काही करायचंच असेल तर वाचनालयांना, महाविद्यालयांच्या मराठी विभागांना पुस्तक कळवा, डिसेंबरातल्या पुणे पुस्तक महोत्सवात प्रकाशकाच्या दालनात तासभर उभे राहा. बाकी वेळ पुढच्या खर्ड्याला.

२०. माझ्या कथेसारखीच कथा एका मालिकेत आली. ही चोरी आहे का?

कल्पना, विषय, कथाबीज यांवर कोणाचाच मालकी हक्क नसतो, मांडणीवर असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली नाटककार आर. जी. आनंद यांच्या खटल्यात हेच स्पष्ट केलं. दोन्ही कृती पाहिल्यावर सामान्य प्रेक्षकाला ही सरळ नक्कल आहे असं ठाम वाटतं का, ही कसोटी. प्रसंगांचा क्रम, विशिष्ट संवाद, पात्रांचे बारकावे जुळत असतील तर दोन स्तंभांत मांडणी करून वकिलाकडे जा. तुमच्या खर्ड्याची तारीख दाखवणारे ई-मेल, अंकाची पोच जपून ठेवा.

२१. टोपणनावाने लिहिलं तर हक्क जातात का?

नाही, मुदतीचा हिशेब मात्र बदलतो. नेहमी हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. टोपणनावाच्या कृतीत ही ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. मुदत संपायच्या आत लेखकाची खरी ओळख जाहीर झाली तर नेहमीचा हिशेब लागू होतो. करार आणि बँकेचे व्यवहार खऱ्या नावाने करा आणि करारात टोपणनावाचा उल्लेख ठेवा.

२२. वडील कथाकार होते. मृत्युपत्रात 'माझी हस्तलिखितं धाकट्या मुलीला' एवढंच लिहिलंय. हक्क कोणाचा?

ज्या कथा त्यांच्या हयातीत छापल्या गेल्या नव्हत्या, त्यांच्या हस्तलिखितासोबत हक्कही मुलीकडे जातो, मृत्युपत्रात उलट काही लिहिलेलं नसेल तर. छापून आलेल्या कथांना हा नियम लागत नाही, त्यांचे हक्क मृत्युपत्रातल्या इतर तरतुदींप्रमाणे किंवा वारसा कायद्याने जातात. त्यामुळे एकाच ट्रंकेतल्या दोन वह्यांचे मालक वेगळे असू शकतात. जे आज लिहीत आहेत त्यांनी बाडाच्या पहिल्या पानावर नाव, तारीख आणि 'अप्रकाशित' किंवा कुठे छापलं ते लिहावं, करारांची फाइल वेगळी करावी आणि ती कुठे आहे हे घरातल्या एका माणसाला सांगून ठेवावं.